मलाची पीसीआर तपासणी, झटपट किट आणि ओआरएसचं पाकीट: ढाळ-उलट्यांत पैसे कुठे घालावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लहान पोराला ढाळ-उलट्या लागल्या की हल्ली चिठ्ठीवर किंवा पॅथॉलॉजीच्या जाहिरातीत एक नवी ओळ दिसते: मलाचा पीसीआर पॅनेल. जंतूंच्या जनुकांच्या तुकड्यांच्या प्रती वाढवून एकाच नमुन्यात जिवाणू, विषाणू, परजीवी असे वीसेक जंतू शोधणारी ही तपासणी. बिल हजारांत जातं. या परीक्षणात ती सेवा, तिच्या शेजारी विकलं जाणारं स्वस्त झटपट किट आणि मेडिकलच्या काउंटरवर याच दुखण्यासाठी मिळणाऱ्या वस्तू घेतल्या आहेत. गुण आधीच सांगून टाकतो. मलात रक्त नसलेल्या, घरीच उपचार चालू असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलासाठी पॅनेलला ५ पैकी २. वॉर्डात दाखल असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या मुलासाठी ४. झटपट किटला १. ओआरएस आणि झिंकला प्रत्येकी ५.

पॅनेलला घरच्या मुलासाठी इतके कमी गुण का, याचं उत्तर नोरोव्हायरसच्या घडणीत आहे. रोटाव्हायरसची लस सरसकट देणाऱ्या बऱ्याच देशांत मुलांच्या जुलाबामागे आता हाच विषाणू पहिल्या नंबरावर आलाय. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉर्वॉक गावच्या शाळेत १९६८ साली साथ आली, त्यावरून त्याचं नाव पडलं. कण प्रत्यक्ष दिसला तो १९७२ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. जनुकांची आरएनए साखळी जेमतेम साडेसात हजार अक्षरांची. तिचे तीन भाग. पहिल्या भागात स्वतःच्या प्रती काढणारी यंत्रणा, दुसऱ्यात बाहेरच्या कवचाचं मुख्य प्रथिन, तिसऱ्यात कवचाचंच एक छोटं प्रथिन.

कवचाच्या प्रथिनावरून २०१९ च्या वर्गीकरणात १० गट आणि ४९ प्रकार धरलेत, प्रती काढणाऱ्या भागावरून वेगळे ६०. माणसांत मुख्यतः पहिला आणि दुसरा गट सापडतो. खरा घोळ पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या सांध्यावर होतो. एकाच बाळाच्या आतड्यात दोन प्रकार एकाच वेळी शिरले, तर प्रती निघताना या सांध्यावर अदलाबदल होते आणि एकाचं कवच व दुसऱ्याची यंत्रणा असलेला तिसराच विषाणू बाहेर पडतो. म्हणून शास्त्रीय नाव जोडनाव असतं: ‘जी-२.४ [पी१६]’ म्हणजे कवच दुसऱ्या गटातल्या चौथ्या प्रकाराचं आणि यंत्रणा सोळाव्या प्रकाराची. मागे जी-२.४ च्याच २०१२ मधल्या सिडनी नावाच्या उपप्रकारात यंत्रणा पी३१ होती; पुढे तेच कवच पी१६ बरोबर फिरू लागलं. नुसतं कवच तपासणाऱ्या प्रयोगशाळेला हा बदल दिसलाच नसता.

मोठ्यांच्या साथींत १९९० च्या दशकापासून जी-२.४ चं राज्य आहे आणि काही वर्षांनी त्याचं कवच नवं होतं: २००२ मध्ये फार्मिंग्टन हिल्स, २००४ मध्ये हंटर, २००६ मध्ये डेन हाग, २००९ मध्ये न्यू ऑर्लिन्स, २०१२ मध्ये सिडनी. मधेच एखादा भलताच प्रकार मुसंडी मारतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात चीन आणि जपानात जी-२.१७ ने तसं केलं. लहान मुलांत मात्र गर्दी जास्त. जी-२.४ बरोबर जी-२.३, जी-२.६, जी-२.२ आणि पहिल्या गटातलेही काही. मुलाची पाटी कोरी असते, त्यामुळे प्रत्येकाला वाट मोकळी. एका प्रकाराविरुद्ध आलेली ताकद दुसऱ्याला फारशी अडवत नाही. एकाच पोराला दीड वर्षात दोन-तीनदा नोरो होणं यात आईच्या स्वयंपाकाचा दोष नसतो, हे घरातल्या मोठ्यांना सांगायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. आतड्याच्या पेशींवर रक्तगटाशी नातं असलेल्या साखरेच्या साखळ्या असतात आणि विषाणू त्यांनाच चिकटतो. एफयूटी२ हे जनुक निकामी असलेल्यांच्या आतड्यावर त्या साखळ्या पुऱ्या बनत नाहीत, अशांना जी-२.४ सहसा लागत नाही, दुसरे प्रकार लागू शकतात. एकाच ताटात जेवलेल्या चार भावंडांपैकी एक ठणठणीत राहतं, त्यामागे हेही असू शकतं.

आता पॅनेलकडे. नोरोव्हायरससाठी पीसीआर ज्या तुकड्यावर चालते तो तुकडा नेमका त्या सांध्यावरचा, कारण सगळ्या प्रकारांत सर्वांत कमी बदलणारा भाग तोच. त्यामुळे प्रकार कुठलाही असो, पॅनेल तो बहुतेक वेळा पकडतो. तपासणी म्हणून ती चांगली आहे, यात वाद नाही. अहवालात मात्र एवढंच येतं: ‘नोरोव्हायरस जी-१/जी-२: आढळला’ किंवा ‘आढळला नाही’. गटसुद्धा बहुधा वेगळा सांगत नाहीत, प्रकार तर नाहीच. प्रकार कळायला आरएनएचा तुकडा वाढवून त्याची अक्षरं वाचावी लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी ते काम संशोधन म्हणून होतं. साथीचा माग आणि लसीची आखणी यासाठी ते मोलाचं आहे. तुमच्या पोराचा प्रकार जी-२.३ निघाला काय आणि जी-२.४ निघाला काय, डॉक्टरांच्या चिठ्ठीत एक शब्द बदलत नाही. काउंटरवर कुणी ‘कुठला स्ट्रेन तेही कळेल’ म्हणालं तर नमुना अहवाल दाखवायला सांगा.

सेवेचा कच्चा दुवा नमुन्यात आहे. बेळगावात किंवा निपाणीत डबी दिली तरी यंत्र बहुधा दुसऱ्या शहरात असतं, आणि गाडी चुकली की आरएनए झिजायला लागतं. शनिवारी संध्याकाळी दिलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहणार असेल तर तो फ्रीजमध्ये ४ अंशांवर राहतोय का, हे विचारून घ्या. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ ते ७२ तासांतला पातळ मल सर्वांत चांगला. डायपरमधून नमुना घेताना नेहमीची चूक होते: डायपर पाणी शोषून घेतो, वर उरतो तो चिकट थर, आणि तोच खरवडून डबीत जातो. डायपर उलटा, प्लॅस्टिकची बाजू आत करून बांधा, किंवा आत स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा घाला. लघवी मिसळू देऊ नका.

पॅनेलसाठी केंद्रवाले द्रव भरलेली एक नळी देतात. तिला कॅरी-ब्लेअर माध्यम म्हणतात. नळीवर रेघ असते. मल घातल्यावर पातळी त्या रेघेपर्यंत यायला हवी. जास्त घातला तर मलातले पदार्थच पीसीआर रोखतात आणि यंत्र ‘अवैध’ म्हणून निकाल टाकतं. कमी घातला तर जंतू निसटतो. जंतांच्या तपासणीसाठीची फॉर्मॅलिनची बाटली चुकून वापरली तर नमुना वाया गेला समजा. आणि रोटाव्हायरसची लस अलीकडे दिली असेल तर तारीख फॉर्मवर लिहा. लस जिवंत विषाणूची असल्याने काही दिवस तो मलातून जातो आणि अहवालात ‘रोटा आढळला’ असं येऊन घरात उगाच घबराट होते.

आता ज्याच्यामुळे गुण कापले ते. पीसीआर फार संवेदनशील आहे. नोरोव्हायरस बरं झाल्यावरही काही आठवडे मलातून जात राहतो, आणि लक्षणं नसलेल्या मुलांतही सापडतो. म्हणजे आज सापडलेला नोरो गेल्या महिन्याचा असू शकतो. आपल्याकडच्या लहान मुलांच्या पॅनेलमध्ये एकाच अहवालात तीन-तीन नावं येणं नवलाचं नाही: नोरो, वर ई. कोलायचे एक-दोन प्रकार. जिवाणूचं नाव छापलेलं दिसलं की अँटिबायोटिक लिहिण्याचा मोह होतो. नोरोवर ते काडीचं चालत नाही, उलट जुलाब वाढवू शकतं. हजारो रुपये घालून नको ते औषध घरी येतं, हा या सेवेचा सर्वांत महाग दोष. शाळेत परत पाठवण्याआधी ‘निगेटिव्ह’ करून घ्यायला ही तपासणी पुन्हा करू नका. आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येत राहील.

पैसे वसूल होतात ते असे: मलात रक्त आणि जोराचा ताप, जुलाब १४ दिवसांवर गेलेले, कर्करोगाचे उपचार किंवा अवयवरोपण झालेलं मूल, ज्याच्यात नोरो महिनोन्‌महिने टिकू शकतो, आणि रुग्णालयाचा वॉर्ड, जिथे एक पॉझिटिव्ह कळला की खाटा वेगळ्या करता येतात.

लग्न, वसतिगृह, यल्लम्मा किंवा मायाक्काच्या जत्रेनंतर एकाच वेळी बरेच जण आजारी पडले तर प्रत्येकाचा पॅनेल करण्यात अर्थ नाही. १९८२ चे कॅप्लनचे निकष आजही कामाला येतात: निम्म्याहून जास्त जणांना उलट्या, जेवणानंतर सरासरी २४ ते ४८ तासांनी सुरुवात, १२ ते ६० तासांत उतार, आणि मलाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जिवाणू नाही. चारही जुळले तर नोरो धरून चाला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. साथीचे नमुने घेणं हे सरकारी रोग सर्वेक्षणाचं काम आहे, त्याचं बिल पालकांनी भरायचं नसतं.

झटपट किटबद्दल थोडक्यात. पट्टीवर मल टाकायचा, १०-१५ मिनिटांत रेघ बघायची. पट्टीवर अँटिबॉडी लावलेली असते आणि ती कवचाच्या आकाराला चिकटते. कवच हाच तर या विषाणूचा सतत बदलणारा भाग. त्यामुळे जी-२.४ वर बरी चालणारी पट्टी दुसऱ्या प्रकारांवर आंधळी ठरू शकते, आणि मुलांत दुसरे प्रकारच भरपूर. रेघ उमटली तर बरंच खरं; नाही उमटली तर काहीच कळलं नाही. शिवाय बाजारातली पुष्कळ किटं रोटा आणि अॅडेनो एवढ्याच दोन विषाणूंची असतात. खोक्यावर नोरो लिहिलेलंच नसतं आणि निकाल ‘व्हायरस नाही’ असा सांगितला जातो.

मग पैसे कुठे? ओआरएसवर, पण खऱ्या ओआरएसवर. जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं सूत्र असं: १ लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम, ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, २४५. पाकीट पालथं करून हे आकडे जुळतात का बघा. मोठं पाकीट १ लिटरचं, छोटं ४.२ ग्रॅमचं म्हणजे २०० मिलीचं. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेयं वर्षानुवर्षं याच फळीवर उभी असायची. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी घातली. नाव बदललं तरी आतली साखर तीच असू शकते. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. चिकोडीच्या बाजारपेठेतलं चकचकीत दुकान असो की जनौषधि केंद्र, मागताना ‘पावडरीचं पाकीट, डब्ल्यूएचओचं’ असं मागा.

बिघडतं ते कालवताना. घरचा स्टीलचा पेला २०० मिलीचा असेलच असं नाही. १५० मिलीच्या पेल्यात ४.२ ग्रॅम टाकलं की मीठ तिसऱ्या हिश्शाने वाढलं. माप नसेल तर सीलबंद पाण्याची १ लिटरची रिकामी बाटली धुऊन वापरा आणि मोठं पाकीट पूर्ण टाका. अर्धं आज, अर्धं उद्या करू नका. पावडर थरांत बसते, अर्ध्यात मीठ जास्त आणि अर्ध्यात साखर जास्त अशी गत होते. पाणी आधी उकळून गार करा. कालवल्यावर उकळू नका. वरून साखर, लिंबू, दूध काही नको. २४ तासांनी उरलेलं ओता. आशाताईने दिलेल्या पाकिटावरचा मजकूर कन्नडमध्ये असेल आणि घरात वाचणारं कुणी नसेल, तर लिटरचा आकडा तेवढा शोधा. बाकी कृती हीच.

प्रत्येक पातळ जुलाबानंतर २ वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलाला १०० ते २००. नोरोत उलट्या जोराच्या असतात आणि इथेच बहुतेक घरं हात टेकतात: पोराने वाटीभर गटागट प्यायलं, ओकलं, ‘पोटात काही ठरत नाही’ म्हणून सलाइनसाठी धावपळ. ओकल्यावर १० मिनिटं थांबा, मग चहाच्या चमच्याने दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. पाच मिलीचा चमचा दर मिनिटाला म्हटलं तरी तासाला ३०० मिली होतात. शुष्कता दिसू लागली असेल तर दवाखान्याच्या देखरेखीत ४ तासांत किलोमागे ७५ मिली, म्हणजे १० किलोच्या मुलाला ७५० मिली. अंगावरचं दूध चालूच ठेवा. मऊ भात, वरण, ताक, नाचणीची आंबील, केळं चालतं. गोड कुंदा चार दिवस कपाटात राहू दे.

झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी, पूर्ण १४ दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या फडताळात पडून राहतात. पुढच्या महिन्यांतल्या जुलाबांपासून मिळणारं संरक्षण त्या उरलेल्या दिवसांतच असतं. प्रोबायोटिकच्या पुड्यांवर फार पैसे घालू नका. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत लॅक्टोबॅसिलस हा प्रोबायोटिक जिवाणू दिलेली आणि न दिलेली मुलं सारख्याच वेगाने बरी झाली. जुलाब बांधणारी मोठ्यांची लोपेरामाइडची गोळी लहान मुलाला अजिबात नाही. उलटीचं औषध डॉक्टरांनी वजन बघून दिलेलंच.

सॅनिटायझरला या विषाणूपुरते ५ पैकी १. अल्कोहोल चरबीचं आवरण फोडतं आणि नोरोला ते आवरणच नाही. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, नखांसकट. आजारी पडायला २० च्या आसपास कणही पुरू शकतात असा अंदाज आहे, म्हणून ओकारी पुसलेलं फडकं मोरीत नुसतं खळबळून चालत नाही. फिनाइलच्या वासावर विसंबू नका, क्लोरीन लागतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिली घेऊन पाण्याने १ लिटर करा, म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग क्लोरीन). ओकारी किंवा जुलाब सांडलेल्या जागेसाठी १०० मिली घ्या, म्हणजे ५००० पीपीएम. ताजी ब्लीचिंग पावडर ३३ टक्के क्लोरीनची धरली तर हीच मापं लिटरला ३ आणि १५ ग्रॅम. उघड्या पोत्यातली पावडर मात्र महिनाभरात बरीच मेलेली असते. नाकाला झोंबत नसेल तर घेऊ नका. आधी घाण कागदाने उचला, साबणाने धुवा, मग द्रावण टाकून १० मिनिटं तसंच ठेवा. घाणीवरच ओतलं तर क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं. संडास धुण्याच्या अॅसिडात ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. घरात जो आजारी होता त्याने बरं वाटल्यावर ४८ तास स्वयंपाकाला हात लावू नये.

डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, सहा-आठ तास लघवी नाही, मूल सुस्त आहे किंवा पाणी नाकारतंय, यातलं काहीही दिसलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. पॅनेलच्या अहवालाची वाट बघत घरी थांबू नका.

लसीचा मुद्दा राहिला. रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात फुकट, ६, १० आणि १४ आठवड्यांना, सीमेच्या दोन्ही बाजूंना. बाळंतपणाला चंदगड, गडहिंग्लजकडच्या माहेरी गेलेल्या आईने कार्ड सोबत आणावं, म्हणजे पुढचा डोस इकडे अडत नाही. रोटाची ही लस नोरोपासून वाचवत नाही. नोरोची लस बनवताना सगळा अडसर या विविधतेचाच. पहिल्या गटातला एक आणि जी-२.४ असे दोनच प्रकार घेऊन केलेली लस २०२४ मध्ये तान्ह्या मुलांच्या चाचणीत अपयशी ठरली. त्याच वर्षी तीन प्रकारांच्या एमआरएनए लसीची मोठी चाचणी प्रौढांत सुरू झाली. काउंटरवर कुणी ‘नोरोची लस आहे’ म्हणत ड्रॉप्स पुढे केले, तर ते रोटाचे असतात.